पूर्ण जागं असूनही लक्ष भरकटतं. लक्ष टिकवण्यात ब्रेनस्टेमचा (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा) नेमका वाटा काय?

लक्ष कशावर द्यायचं हे ब्रेनस्टेम ठरवत नाही, पण ते टिकून राहावं इतपत मेंदूला सजग ठेवण्याचं काम त्याचंच. यात सर्वात महत्त्वाचा भाग म्हणजे पॉन्समधला (ब्रेनस्टेमच्या मधल्या भागातला) लोकस सेरुलियस हा पेशींचा छोटा पुंजका. पेशी जेमतेम वीस ते पन्नास हजार, तरी मेंदूच्या बहुतेक भागांना नॉरएपिनेफ्रिन हे सजग ठेवणारं रसायन तिथूनच मिळतं. या पेशींच्या विद्युत संकेतांची एक संथ लय सतत चालू असते आणि कामाचं काही दिसलं की क्षणभर जोरदार उसळी येते. लय मध्यम असेल तर उसळी ठळक येते. लय मंदावली की डुलकी लागते. फार वाढली की उसळी बुजते, माणूस टक्क जागा असतो, पण दार जरा करकरलं तरी मान वळते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. शेजारचं पेडंक्युलोपॉन्टाइन केंद्रक (केंद्रक म्हणजे चेतापेशींचा पुंजका) ॲसिटिलकोलिन या रसायनाद्वारे थॅलॅमसला, म्हणजे संवेदना मेंदूच्या बाह्यभागाकडे पोचवणाऱ्या भागाला, सजग ठेवतं. ब्रेनस्टेमच्या या भूमिकेचा जुना, भक्कम पुरावा १९४९चा: मोरुझ्झी आणि मगून या शास्त्रज्ञांनी मांजराच्या रेटिक्युलर फॉर्मेशनला (ब्रेनस्टेममधल्या चेतापेशींच्या जाळ्याला) विजेने उत्तेजित करताच ईईजीमधल्या (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखातल्या) संथ, मोठ्या लहरी जाऊन जागेपणीच्या जलद लहरी उमटल्या.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. माणसात लोकस सेरुलियसच्या कामाचा अंदाज अनेकदा डोळ्याच्या बाहुलीच्या आकारावरून बांधतात, पण बाहुली उजेडाने आणि इतर केंद्रकांमुळेही बदलते. शिवाय हा भाग इतका बारीक आहे की साध्या एमआरआयमध्ये नीट दिसत नाही.