लेखी घेतलंस का?

प्रिय मुली,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. जर्मनीतल्या तुझ्या एक्स्चेंज सेमिस्टरसाठी ठरलेल्या पाच विषयांपैकी दोन या हिवाळी सेमिस्टरला शिकवतच नाहीत, तिसरा जर्मनमधून आहे, आणि एचओडी सर फोनवर म्हणाले, “घे कुठलेही, आल्यावर बघू, होऊन जाईल.” वर तू विचारतेस, टेन्शन घेऊ का?

घे. ते ‘होऊन जाईल’ लेखी हातात पडेपर्यंत घे.

सर भले आहेत, प्रश्न तो नाही. पण तू परत येशील तेव्हा ते त्याच खुर्चीत असतील कशावरून? आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर भलेपणा चालत नाही, आवक क्रमांक पडलेला कागद चालतो.

तुझ्या लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार त्या करारावर, तीन सह्या आहेत : तुझी, आपल्या कॉलेजची, तिकडच्या विद्यापीठाची. विषय बदलले की तिन्ही पुन्हा लागतात. त्यासाठी बदलाचा वेगळा तक्ता असतो, पण मुदत सेमिस्टर सुरू झाल्यावर जेमतेम काही आठवड्यांची. नेमकी तारीख तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला आजच विचार, आणि ईमेलवर विचार.

नवे विषय निवडताना नावावर जाऊ नकोस. प्रत्येक विषयाचं पान मोडुलहांडबुखमध्ये, म्हणजे तिकडच्या अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तकात असतं : काय शिकवतात, किती तास, परीक्षा लेखी की तोंडी, किती ईसीटीएस, म्हणजे युरोपातली क्रेडिट. ते पान पीडीएफ करून ठेव, वर्षासकट. नुसती लिंक ठेवशील तर पुढच्या सेमिस्टरला तिथे दुसरंच काही असेल, आणि इथे अभ्यासक्रम जुळवून बघणारे प्राध्यापक नेमकं तेच पान मागतील.

क्रेडिटचा घोळ तर हमखास होतो. तिकडे पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस, आणि एका ईसीटीएसमागे साधारण ३० तासांचं काम धरतात. लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं त्यात आलं. आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. म्हणजे सहा ईसीटीएसच्या विषयाला इथे सहा क्रेडिट मिळणार नाहीत. मग किती? दोन, तीन, चार? प्रत्येक ठिकाणचा हिशेब निराळा, म्हणून तो आकडाही लेखीच घे.

मेल कॉलेजच्या आयडीवरून जाऊ दे, व्हॉट्सअॅपवर नको. मेलच्या सब्जेक्टमध्ये तुझं नाव, पीआरएन म्हणजे नोंदणी क्रमांक, सेमिस्टर. आत तीन रकाने : तिकडचा विषय कोड आणि ईसीटीएससह, त्याच्या बदली इथला कोणता, इथे किती क्रेडिट. खाली एकच प्रश्न : “वरीलप्रमाणे मान्य आहे का?” मोठं निवेदन लिहिलंस तर उत्तर येणार नाही, हो किंवा नाही एवढंच लिहायचं असलं तर येतं. आणि सर पुन्हा फोनवरच बोलले, तर त्याच संध्याकाळी लिही : “आज फोनवर आपण सांगितल्याप्रमाणे मी हे तीन विषय घेत आहे.” बोललेलं लेखी करायची युक्ती एवढीच.

त्याच मेलमध्ये हजेरीचंही घाल. तिकडचं सेमिस्टर ३१ मार्चपर्यंत, लेक्चर फेब्रुवारीपर्यंत, आणि आपलं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होऊन बसलेलं असेल. त्या दिवसांची हजेरी कोण भरून देणार? परतीचं तिकीटही परीक्षांच्या तारखा लागेपर्यंत काढू नकोस.

आता परीक्षा. विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं, असं तिकडे नसतं. प्र्युफुंग्सआनमेल्डुंग ही परीक्षेची वेगळी नोंदणी, पोर्टलवर काही आठवडेच उघडी असते. चुकली तर सेमिस्टरभर पहिल्या बाकावर बसलेली असलीस तरी परीक्षा नाही आणि क्रेडिटही नाही. नोंदवून गेली नाहीस आणि मुदतीत माघारही घेतली नाहीस, तर नापास. आजारी असलीस तर डॉक्टरचं पत्र लगेच प्र्युफुंग्सआम्टकडे, म्हणजे तिकडच्या परीक्षा विभागाकडे. नोंदणी झाल्यावर त्या पानाचा स्क्रीनशॉट. हो, त्याचाही.

ग्रेड उलटी असते हे तुला माहीत आहे, इथल्या क्लार्कला असेलच असं नाही. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. उद्या तुला २.३ मिळाला तर तो चांगलाच निकाल, पण दहापैकी वाचला तर केटी! रूपांतराला बव्हेरियन सूत्र पुष्कळ ठिकाणी चालतं. दहापैकी चारला पास धरलं तर २.३ चे ७.४ होतात. इथे ते चालतं की दुसरं काही, हे निकाल लागायच्या आत विचारून ठेव. ट्रान्सक्रिप्टसोबत ग्रेडचा तक्ताही माग. ट्रान्सक्रिप्ट हातात यायला परीक्षेनंतर काही आठवडे जातात, हेही कॉलेजला आधीच कळव.

तू लिहिलंस, “मी इथे अनुभव घ्यायला आलेय, कारकुनी करायला नाही.” राग आला. मग वाटलं, विशीत मीही हेच म्हणाले असते. बाईला आयुष्यभर कागदच दिसले, असं तुम्ही मुलं मागे म्हणता ते मला ठाऊक आहे. दिसले, हो. तोंडी शब्दावर विसंबण्याची किंमत काय असते ते मला ठाऊक आहे, ती कोणी मोजली ते विचारू नकोस. कागद नीट असलेली मुलगीच डिसेंबरात निवांत ख्रिसमसच्या बाजारात हिंडते. बाकीच्या तेव्हा मेल लिहीत असतात, आणि उत्तर द्यायला दोन्ही देशांत कोणी जागेवर नसतं.

खोलीचं थोडक्यात. पत्त्याची आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी नोंदणी, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, तिला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. चावी घेताना भिंतीवरचे डाग, खिडकीची कडी, सगळं ताबा-पत्रकात लिहून घे आणि फोटो काढ, नाहीतर डिपॉझिटमधून कापतील. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, माणशी नसून घरटी असते. वर्गणीचं पत्र आलं तर फेकून देऊ नकोस, शेअर फ्लॅटमध्ये आधीच कोणी भरत असेल तर त्याचा वर्गणीचा खाते क्रमांक त्यांना कळव.

मेलचा मसुदा आज रात्री मला पाठव. तो रकान्यांचा तक्ता मी बघते, तुझ्या इंग्रजीच्या चुकाही काढते. मग सरांना धाड आणि मला प्रत ठेव.

ता. क. निघताना आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी रद्द, करायला विसरू नकोस, आणि त्याची पावती बॅगेत टाकू नकोस, हातात ठेव.