ओरडले नाही, म्हणजे हो म्हटलं का?

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची, अंबडच्या एका कंपनीत नोकरी करते. तीन आठवड्यांपूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर भावाचा मित्र 'घरी सोडतो' म्हणाला. वाटेत गाडी आडबाजूला घेऊन त्याने जबरदस्ती केली. मी एकदा 'नको' म्हटलं, मग अंग लाकडासारखं झालं. ओरडताही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'सॉरी, कोणाला बोलू नको.' आईला कळलं तर म्हणेल, त्याच्या गाडीत बसलीसच कशाला?

उत्तर : पोरी, 'अंग लाकडासारखं झालं' इथे मी वाचताना थांबले. जिवावर बेततं तेव्हा कुणी झुंजतं, कुणी पळतं, कुणी थिजतं. आपल्याला विचारून ते होत नाही. साप दिसला की पाय जागीच खिळतात ना, तसं.

हे मी नुसतं मायेने सांगत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत म्हणून १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. त्यावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आजच्या भारतीय न्याय संहितेत तर स्पष्टच आहे : प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून बाईची संमती धरता येत नाही. तू तर 'नको' म्हणालीही होतीस.

तो मेसेज पुसू नकोस, कितीही किळस आली तरी. त्या रात्रीचे कपडे धुतले नसतील तर कागदी पिशवीत ठेव. प्लास्टिकमध्ये दमट होऊन पुरावा खराब होतो. तक्रारीची वेळ गेलेली नाही. कुठल्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर होते, हद्दीचं कारण सांगून तुला परत पाठवता येत नाही. जबाबही महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. रुग्णालय सरकारी असो की खासगी, त्यांनी मोफत उपचार करायलाच हवेत. ते पोलिसांना कळवतात, हे माहीत असू दे. पण तुझ्या संमतीशिवाय तपासणी होत नाही. एकटीने जायचा धीर होत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर.

आईचं म्हणशील, तर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. दिवेलागणीला घरात असणाऱ्या मुलीही त्यातून सुटत नाहीत. 'आधी माझं पूर्ण ऐक' म्हणून तिला सांग. तोंडातून शब्द फुटलाच नाही, तर हे पान तिच्यासमोर ठेव. पाळी चुकली असेल तर मात्र आईशी बोलणं होईपर्यंतही थांबू नकोस, उद्या सकाळीच डॉक्टरकडे जा.