हिब लसीतल्या साखरेला प्रथिनाची जोड का?

प्रश्न : नातीला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित) लस द्यायची आहे. तिच्यातली हिब या (लहान मुलांत मेंदूज्वर, न्यूमोनिया घडवणाऱ्या) जिवाणूची साखर धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडलेली असते म्हणे. ती कशासाठी?
एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : आजोबा, सगळी मेख त्या जोडणीतच आहे. हिबच्या आवरणातली साखर बी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी, ओळखते. तिला चेतवणाऱ्या मदतनीस टी पेशीला मात्र लागतो प्रथिनाचा तुकडा, साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचा, तोही पेशीच्या पृष्ठभागावर असे तुकडे मांडणाऱ्या एमएचसी-२ रेणूच्या खोबणीत बसवलेला. बी पेशीने साखर पकडली की तिला चिकटलेलं प्रथिनही आत ओढलं जातं, कापलं जातं आणि तुकडा पृष्ठभागावर येतो. तो ओळखणारी टी पेशी मग बी पेशीवरच्या सीडी४० या रेणूमार्फत इशारा देते, इंटरल्युकिन-२१ हे निरोप देणारं प्रथिन सोडते. पक्की आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं आणि जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी या मदतीनेच घडतात. साखर आणि प्रथिन न जोडता नुसतं मिसळलं, तर त्या बी पेशीकडे दाखवायला काहीच उरत नाही. आणि नुसती साखर दोन वर्षांखालच्या बाळात जवळजवळ निष्प्रभ!

एखादा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात नको; राहिलेले किमान ४ आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करा. सोलापूरच्या उन्हाची धास्ती रास्तच, पण ही लस बर्फाला टेकून गोठली तरी वाया जाते. तिला २ ते ८ अंश सेल्सिअसच हवं.