मुलांकडून सोसायटीच्या भिंतीवर चित्र करून घ्यायचंय. ते बेढब दिसू नये म्हणून आधी चित्रकाराकडून आउटलाइन काढून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या बाजूची सोसायटी, ३० फूट लांब आणि ६ फूट उंच कंपाउंडची भिंत, वीसेक मुलं. रंग किती लागेल, आणि आउटलाइन कुणा चित्रकाराकडून काढून घ्यावी का? रंगाचा हिशोब पुढे देते. आउटलाइनचं उत्तर आधी देते: नको. अजिबात नको.

आउटलाइन तयार असली की मुलांना फक्त भरायचं काम उरतं. अर्ध्या तासात मोठी मुलं कंटाळतात आणि धाकटी रेघेबाहेर गेली म्हणून ओरडा खातात. शेवटी भिंतीवर येतं काय? दोन हातांत धरलेली पृथ्वी, एक झाड आणि चार फुलपाखरं. अशा भिंती शहरात किती आहेत ते तुम्हीच मोजा. त्यातली एकही भिंत दाखवून कुणी मूल "हे माझं" म्हणत नाही. ते म्हणतं, "तो हिरवा मी भरला."

हे मी एका भिंतीवरून सांगते. ऑगस्ट २०२४च्या पुरात तिच्यापाशी तीन फूट पाणी होतं. डिसेंबरात तिथे सहा ते तेरा वर्षांच्या मुलांनी चित्र काढलं. विषय दिला नव्हता, एक प्रश्न विचारला होता: "पाणी आलं तेव्हा तुमच्या घरात सगळ्यात आधी काय वर नेलं?" उत्तरं आली ती कुठल्याही मोठ्या माणसाला सुचली नसती. गॅसची शेगडी, आजीच्या औषधांची पिशवी, देव्हारा, नवा गणवेश. सात वर्षांच्या एका मुलीने मगर काढली. त्या दिवसांत मगरी खरोखरच वस्तीत शिरल्या होत्या, मुलांनी त्या गॅलरीतून पाहिल्या होत्या. तिची मगर आठ फूट लांब होती. चारही पाय टेबलाच्या पायांसारखे एका रांगेत, वरच्या जबड्यात दात, खालचा जबडा रिकामा, आणि पाठीवर फ्रिज. फ्रिजचं दार उघडं आणि आत दुधाची पिशवी. पिशवीवरची निळी पट्टीसुद्धा तिने सोडली नव्हती.

रात्री सोसायटीतल्या एका जाणत्या, हाताने खरंच चांगल्या गृहस्थांनी ती मगर "नीट" केली. पाय जागच्या जागी आले, अंगावर खवले आले, पोटाखाली सावली आली. फ्रिज लहान झाला. सगळं काळ्या ऑइल पेंटने. सकाळी ती मुलगी भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग हातातला ब्रश डब्यात परत ठेवला, "ही माझी नाही" म्हणाली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन इतरांना पाण्याचे डबे आणून देऊ लागली. त्या भिंतीला तिने पुन्हा ब्रश लावला नाही.

पुढच्या मार्चपर्यंत त्या मगरीच्या अंगावर फोड आले आणि पोपडे सुटले. ती सुधारली म्हणून पोपडे सुटले असं मी म्हणणार नाही. कारण साधं आहे. पुराचं पाणी विटेत आणि प्लास्टरमध्ये मुरलं होतं. ते महिनोन्‌महिने हळूहळू बाहेर येतं आणि येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं. पाणी पृष्ठभागावर उडून जातं, क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. पाण्यात कालवायच्या रंगातून, म्हणजे इमल्शनमधून, वाफ बरीचशी निघून जाते. ऑइल पेंटचा थर ती अडवतो, मग क्षार त्याच्याखाली साठतात आणि थर उचलतात. मुलांच्या इमल्शनवर त्याच भिंतीत फक्त पांढरी भुकटी आली होती, कोरड्या ब्रशने निघून गेली. खरं तर चूक आधीची होती: ती भिंत अजून सुकली नव्हती, आणि घाई मोठ्यांनी केली होती.

म्हणून तुमच्या भिंतीला आधी ओल आहे का ते बघा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. एक तुकडा जमिनीपासून फूटभर उंचीवर, दुसरा चार फुटांवर. चोवीस तासांनी आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा प्लास्टर गडद झालं, तर ओल भिंतीतून येते आहे. थांबा. पांढरे क्षार आले असतील तर ती जागा धुऊ नका, पाण्याने ते विरघळून परत आत जातात. नायलॉनच्या कोरड्या ब्रशने झाडा, आठवडाभर थांबा, पुन्हा झाडा. यायचे बंद झाले की पुढचं काम. प्लास्टर नवं असेल तर किमान २८ दिवस हात लावू नका, ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो.

भिंतीवर जुना चुना असेल तर तळहात फिरवून बघा. हात पांढरा झाला म्हणजे चुना सुटा आहे, त्यावर दिलेलं इमल्शन चुन्यासकट गळून पडेल. सगळा खरवडायला लागतो. हे खरवडण्याचं काम मुलांना देऊ नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरात शिसं किती आहे ते बघून कळत नाही. भिंत ओली करून खरवडा, म्हणजे धूळ उडत नाही, आणि खालचा चुरा गोळा करून बांधून टाका.

आता हिशोब. ३० गुणिले ६ म्हणजे १८० चौरस फूट. बाहेरच्या कामाचा प्रायमर एक हात, २ लिटर पुरतो. त्यावर बाहेरचंच इमल्शन दोन हात. लिटरला ५० ते ६० चौरस फूट धरा, म्हणजे ४ लिटरचा डबा. हा पाया पांढराशुभ्र घेऊ नका, फिकट पिवळसर घ्या, धूळ आणि शिंतोडे कमी दिसतात. मुलांसाठी आणखी ४ लिटर पांढरं इमल्शन आणि त्यात मिसळायच्या दाट रंगाच्या, म्हणजे स्टेनरच्या, बाटल्या. इथे बहुतेक जण फसतात: एका लिटरला ३० मिलिलिटरच्या वर स्टेनर घातला की रंग नीट सुकत नाही आणि पहिल्या पावसात ओघळतो. पांढऱ्यात लाल स्टेनर कितीही ओता, गुलाबीच मिळतो. गडद लाल, गडद निळा आणि काळा दुकानातून मशीनवर करून आणा, प्रत्येकी १ लिटर. भिंत पश्चिमेची असेल तर पिवळा आणि विटकरी ऑक्साइडचा घ्या, तो उन्हात टिकतो. भडक गुलाबी आणि लिंबू पिवळा दोन उन्हाळ्यांत उडतो. पुट्टी टाळा, भिंत थोडी खडबडीत असली तरी चालते, मुलांना त्याचं काही नसतं.

रंग वाटायला अर्ध्या किलोच्या श्रीखंडाचे डबे गोळा करा. आपल्याकडे ते घरोघरी निघतात, आणि त्यात रंग बोटभर उंचीपर्यंतच ओतला तर लवंडला तरी फार जात नाही. एका डब्यात एक रंग आणि एकच ब्रश, तो ब्रश त्या डब्यातून बाहेर जायचा नाही. मुलं डबा बदलतील, ब्रश बदलणार नाहीत. हा नियम मोडला की दुपारपर्यंत सगळे डबे शेणाच्या रंगाचे होतात. एक इंची आणि दोन इंची चपटे ब्रश घ्या, बारीक गोल ब्रश मोजकेच. बारीक ब्रश हातात आला की मूल कागदावरचं चित्र भिंतीवर काढायला बघतं आणि दोन तासांत एक डोळा होतो. लिटरला १०० मिलिलिटरपर्यंतच पाणी, ते मोठ्यांनी घालायचं.

प्रत्येक मुलाला तीन फूट रुंदी लागते, म्हणजे तुमच्या भिंतीला एका वेळी दहा मुलं, वीस मुलांच्या दोन तुकड्या. सहा वर्षांच्या मुलाचा हात चार फुटांपर्यंत पोचतो, दहा वर्षांच्याचा पाच-साडेपाच. वरचा पट्टा मोठ्या मुलांना स्टुलावर. पालख, म्हणजे परांची, बांधली तर तिच्यावर मुलांना चढवू नका, कितीही हट्ट केला तरी. सर्वांत खालचा दीड फूट चित्राविना गडद एका रंगात सोडा. पावसाचे शिंतोडे आणि चिखल तिथेच उडतो, आणि ओलही तिथूनच वर येते.

चित्र भिंतीवर नेण्याचं असं. कागद भिंतीच्याच मापाचा हवा, ५ला १. ब्राउन पेपरची पट्टी ३० इंच लांब आणि ६ इंच रुंद कापा, एक इंचाला एक फूट. मुलांची चित्रं त्यावर मुलांनीच कापून मांडायची. मग ओळंबा धरून भिंतीवर फुटाफुटाचे चौकोन रंगीत खडूने आखा. हे सूत मारणं मोठ्यांचं काम. चौकोन बघून मूल आपलं चित्र आपल्या हाताने, पातळ पिवळ्या रंगाने, भिंतीवर काढेल. बॉलपेन आणि मार्कर हातात देऊ नका, त्यांची शाई वरच्या इमल्शनमधून महिन्याभरात वर येते. प्रोजेक्टर नको. प्रोजेक्टरने रेघ बरोबर येते, आणि ती कोणाचीच राहत नाही.

आमच्या त्या गृहस्थांचा युक्तिवाद होता की मोठ्या कामात आखणी एकाची आणि हात अनेकांचे, वडोदऱ्याच्या कीर्तिमंदिरातल्या भित्तिचित्रांतही चित्रकार नंदलाल बोस यांनी असंच केलं. बरोबर आहे. त्या चित्रांमागे नंदलालांचा विचार होता आणि मदतीला होते ते चित्रकला शिकलेले लोक. ते शिष्य होते. तुमच्या सोसायटीतली मुलं कुणाचे शिष्य नाहीत, त्यांची भिंत आहे. दाखला द्यायचाच तर छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींचा द्या. तिथे पिठोऱ्याचे, म्हणजे विधी म्हणून भिंतीवर काढायच्या चित्राचे, घोडे काढण्याआधी घरची भिंत शेण आणि मातीने सारवतात, मग पांढऱ्या मातीचा हात देतात, आणि हे सारवणं त्या विधीचाच भाग असतो. भिंत तयार करणं हे आपलं, मोठ्यांचं, काम आहे. त्यात कसूर न करता जितका जीव ओतायचा तितका ओता. रेघ मुलांची राहू द्या.

वेळ: दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस सोडा, मुलं पतंग घेऊन गच्चीवर असतात. मार्चनंतर करायचंच असेल तर सकाळी साडेनऊच्या आत उरका, नंतर भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच सुकतो. भिंत सोसायटीची असली तरी कमिटीचं लेखी घ्या, आणि रस्त्याच्या बाजूने पालिकेची असेल तर त्यांचंही.

वरून वार्निश मारायचा मोह होईल. ओलीची शंका असलेल्या भिंतीवर नको, पावसाळ्यात आत दूधट पडदा येतो. भिंत वर्षभर कोरडी निघाली तर बाहेरच्या भिंतींसाठीचा, पाण्यात कालवायचा पारदर्शक अॅक्रिलिक थर (क्लिअर कोट) एक हात चालेल.

एक गोष्ट मात्र मान्य करते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना चौकोन कळत नाहीत, त्यांना खालच्या पट्ट्याच्या वर हाताचे ठसे किंवा मोठे ठिपके द्या. आणि एखादं मूल स्वतःहून येऊन म्हणालं, "काकू, पाय कसा काढू?" तर जरूर दाखवा, पण कागदावर. भिंतीवर नाही.

उरलेला प्रत्येक रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, वर तारीख आणि चित्राचा कोपरा लिहून ठेवा. वर्षभरात कुठेतरी पोपडा सुटेलच. तेव्हा ज्या मुलाचा तो तुकडा आहे त्याला बोलावून त्याच्याकडूनच भरून घ्या. तोवर ते मूल दोन इंचांनी उंच झालेलं असेल आणि मगरीचे पाय कदाचित वेगळे काढील, तर काढू द्या.