एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं सगळ्यांना सांगावंच लागतं का?

तीन आठवड्यांपूर्वी तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि आता घरी, मित्रांत, ऑफिसात सगळीकडे सांगावं लागणार का, असं तुम्ही विचारलंत. नाही, सगळ्यांना नाही. आणि घाबरलेल्या अवस्थेत तर कोणालाच घाईने सांगू नका. मी अकरा वर्षं एचआयव्हीसोबत जगतेय. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी मी एका मैत्रिणीला फोनवर रडत रडत सगळं सांगून टाकलं. ती वाईट नव्हती हो. तिला ते एकटीला पेलवलं नाही, तिने आणखी एकीला सांगितलं. पंधरा दिवसांनी त्या दुसरीचं बाळ माझ्याकडे झेपावलं, तर तिने हसत हसत त्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. कोणी चकार शब्द काढला नाही. त्यानंतर कित्येक महिने मी गोळ्यांच्या डबीत कापूस कोंबायचे, पर्समध्ये खुळखुळ वाजू नये म्हणून.

जवळ घेतल्याने, एकत्र जेवल्याने, डास चावल्याने हा विषाणू पसरत नाही, हे तिलाही बहुधा माहीत होतं. पण भीती माहितीला जुमानत नाही. म्हणून समोरचा दचकला तरी आपण कोसळणार नाही, एवढं बळ आल्यावरच सांगा.

जोडीदाराची गोष्ट वेगळी. ज्यांच्याशी शारीरिक संबंध आलेत त्यांना कळायलाच हवं, तेही लवकर, कारण त्यांचीही तपासणी व्हायला हवी. संबंध नुकताच, ७२ तासांच्या आत आला असेल तर लागण टाळायची औषधंही त्यांना सुरू करता येतात. एकट्याने सांगायचा धीर होत नसेल तर समुपदेशकासमोर सांगा. मारहाणीची भीती असेल तर आधी समुपदेशकाशी बोला, त्याशिवाय पाऊल उचलू नका. कायद्याने काय बंधन आहे तेही त्यांनाच विचारा, ते देशागणिक बदलतं.

माझ्या नवऱ्याला मी लग्नाआधी सांगितलं, तेव्हा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट समोर ठेवला होता. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. युरोपातल्या १४ देशांत झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यात ७८२ पुरुष जोडपी होती, त्यांचे कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, आणि औषधांवर असलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. नवरा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी आला तो कागदावर प्रश्न लिहून.

तुमची औषधं सुरू झाली का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसतील तर आधी ते करा, उद्याच. मित्र आणि ऑफिस थांबू शकतात.