वेगळ्या संघटनेत जावे का, आणि जाण्यापूर्वी काय पाहावे

आपण स्थापत्य अभियंता आहात, नोकरीला 4 वर्षे झाली आहेत, कार्यालयाच्या तांत्रिक विभागात आपण एकट्याच स्त्री आहात आणि आपला समाजही तेथे अल्पसंख्य आहे. व्यवसायाच्या मुख्य संस्थेच्या आपण सभासद आहातच. आता महिला अभियंत्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेत नाव नोंदवावे, की अशी वेगळी चूल मांडल्याने आपण अधिकच बाजूला पडू, असा आपला प्रश्न आहे. अशा एका शाखेत मी 16 वर्षे सभासद आहे आणि त्यांपैकी 5 वर्षे सचिव होते, म्हणून सविस्तर लिहिते. माझे उत्तर असे आहे की नाव अवश्य नोंदवावे, मुख्य संस्था मात्र सोडू नये, आणि कोणती शाखा आपल्या उपयोगाची आहे हे तिच्या समारंभांवरून न ठरवता दोन सभांच्या मधल्या काळात ती काय करते यावरून ठरवावे.

प्रथम वेगळ्या चुलीविषयी. अमेरिकेतील कृष्णवर्णीय डॉक्टरांनी 1895 मध्ये अटलांटा येथे नॅशनल मेडिकल असोसिएशन स्थापन केली, ती वेगळे राहण्याच्या हौसेने नव्हे. तेथील मुख्य वैद्यकीय संघटनेत प्रवेश मिळवायचा तर आधी स्थानिक वैद्यकीय मंडळाचे सभासदत्व लागे, आणि अनेक ठिकाणची स्थानिक मंडळे कृष्णवर्णीयांना घेतच नसत. राष्ट्रीय संघटनेने बंदीचा नियम लिहिण्याची गरजच नव्हती. गावातल्या मंडळाने दार लावून घेतले की काम होत असे. पुष्कळ रुग्णालयेही स्थानिक मंडळाच्या सभासदांनाच आपल्याकडे रुग्ण दाखल करू देत, त्यामुळे डॉक्टरचा व्यवसायच अडत असे. मुख्य संघटनेने या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली ती 2008 साली. व्यवसायातील प्रवेश, ओळख आणि काम ही स्थानिक पातळीवरच मिळतात किंवा नाकारली जातात, आणि म्हणूनच आधारही त्याच पातळीवर लागतो, हे मला या इतिहासावरून पटले.

आपल्या व्यवसायातही असेच घडले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील कारखान्यांत स्त्रियांनी तांत्रिक कामे सांभाळली आणि युद्ध संपताच युद्धपूर्व पद्धती पुन्हा लागू करण्याच्या 1919 च्या कायद्याने त्यांतील बहुतेकींना बाहेर काढले. त्याच वर्षी 23 जूनला विमेन्स इंजिनीअरिंग सोसायटी स्थापन झाली आणि कॅरोलिन हॅस्लेट तिच्या पहिल्या सचिव झाल्या. स्थापत्य अभियंत्यांची लंडनमधील संस्था 1818 पासूनची आहे. तिच्या पहिल्या महिला सभासद डोरोथी ब्यूकॅनन यांना 1927 मध्ये प्रवेश मिळाला. मधली 109 वर्षे ज्यांना आत घेतले गेले नाही त्यांनी बाहेर स्वतःची बैठक मांडली, तर फुटीचा दोष त्यांच्याकडे कसा जाईल? तेव्हा ती शंका आपण मनातून काढून टाकावी.

आता शाखेचा प्रत्यक्ष उपयोग. माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे माहिती, आणि तीही छापून न येणारी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या मासिक बैठकीनंतर एका ज्येष्ठ सभासद बाईंनी मला विचारले, की तुम्हाला बांधकामस्थळाचा भत्ता किती मिळतो. असा भत्ता असतो हेच मला ठाऊक नव्हते. मी आठवड्यातील 4 दिवस कामाच्या जागी जात असे, परंतु कागदोपत्री माझी नेमणूक कार्यालयीन दाखवलेली होती, आणि माझ्याच श्रेणीतील पुरुष सहकाऱ्यांना तो भत्ता पहिल्या महिन्यापासून मिळत होता. त्या बाईंनी माझ्याबरोबर बसून अर्ज लिहिला, कामाच्या नोंदवहीतील तारखा जोडायला लावल्या, आणि पुढच्या महिन्यापासून भत्ता सुरू झाला. मागील थकबाकी मात्र मिळाली नाही, आणि त्याचे दुःख मला आजही आहे. पुरुष सहकाऱ्यांनी हे मुद्दाम लपवले होते असे मला वाटत नाही. त्यांच्या चहाच्या गप्पांत ही माहिती आपोआप फिरत असे आणि त्या गप्पांत मी नसे. सुरक्षा पट्टे आणि बूट पुरुषी मापाचेच येणे, कामाच्या जागी स्वच्छतागृह नसणे, बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर प्रकल्प काढून घेतला जाणे, या गोष्टी एकटीने सांगितल्या तर तक्रारखोरपणा ठरतो. त्याच गोष्टी 12 जणींनी आपापल्या मापांसह आणि तारखांसह एका पत्रात मांडल्या, तर त्या पत्राचे उत्तर द्यावेच लागते.

शाखा पारखताना मागील 2 वर्षांची इतिवृत्ते मागावीत. त्यांत केवळ सत्कार, व्याख्याने आणि मार्च महिन्यातील महिला दिन दिसला, तर ती शाखा उत्सवापुरती आहे. कोणत्या सभासदाने कोणती अडचण मांडली आणि पुढील बैठकीत तिचे काय झाले याची नोंद असेल, तर निःशंकपणे जावे. बैठकीची वेळ पाहावी, कारण सायंकाळी उशिरा ठेवलेली बैठक लहान मुलांच्या आयांना आणि दूर राहणाऱ्यांना आपोआप वगळते. पैसा कोठून येतो हेही विचारावे. सारा खर्च एकाच कंपनीच्या देणगीवर चालत असेल, तर त्या कंपनीतील सभासदाची अडचण त्या शाखेत कधीच मांडली जाणार नाही. वर्गणी थोडी असली तरी चालेल, पण ती असावी. पदे ठरावीक मुदतीने बदलतात ना, हे पाहण्याचे कारण मी स्वतः अनुभवले आहे. आमच्या शाखेच्या आधीच्या सचिवांनी सारे काम निष्ठेने, परंतु एकटीने केले. त्यांची बदली झाली तेव्हा सभासदांची यादी, बँकेतील सही आणि जुना पत्रव्यवहार त्यांच्याबरोबरच गेला, आणि शाखा दीड वर्ष ठप्प झाली.

आपल्या प्रश्नातील दुसरा भाग, म्हणजे स्त्री आणि अल्पसंख्य अशी दुहेरी स्थिती, मला अधिक नाजूक वाटतो आणि त्याकडे महिला संघटनांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी खटला भरला होता. 1964 पूर्वी त्यांच्यासारख्यांना कंपनीने जवळजवळ घेतलेच नव्हते, त्यामुळे ज्येष्ठतेनुसार कपात झाली तेव्हा त्या सर्वांत आधी बाहेर पडल्या. 1976 मध्ये न्यायालयाने त्यांचे एकत्रित म्हणणे मान्य केले नाही. भेदभाव लिंगाचा किंवा वंशाचा असा वेगवेगळा दाखवा, अशी त्याची भूमिका होती. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये याच खटल्याच्या आधारे दाखवून दिले, की दोन्ही बाजूंच्या मोजमापातून अशी स्त्री निसटते. संघटनांतही हेच होते: महिला शाखेत बहुसंख्य समाजातील स्त्रियांचे अनुभव सर्वांचे अनुभव मानले जातात आणि समाजाच्या मंडळात पुरुषांचे. म्हणून आपल्या समाजाचे व्यावसायिक मंडळ असेल तर तेथेही जावे, आणि महिला शाखेच्या कार्यकारिणीत आपल्यासारख्या किती जणी आहेत हे पहिल्या भेटीतच विचारावे. या प्रश्नाने कोणी दुखावले गेले, तर तेही उत्तरच आहे.

मुख्य संस्था सोडू नये असे मी म्हणते, कारण मार्गदर्शन करणारी माणसे आणि आपल्यासाठी शब्द टाकणारी माणसे बहुधा वेगवेगळी असतात. पहिली आपल्याला लहान शाखेत भेटतात. दुसरी मुख्य संस्थेच्या मानके ठरवणाऱ्या, परीक्षा घेणाऱ्या आणि पुरस्कार देणाऱ्या समित्यांत बसलेली असतात. या समित्यांसाठी नावे मागवली जातात तेव्हा आमची शाखा दर वर्षी 3 सभासदांची नावे पूर्ण कागदपत्रांसह पाठवते. पहिली 4 वर्षे काहीच झाले नाही, पाचव्या वर्षी एक नाव स्वीकारले गेले, आणि पुढे समितीतील त्या सभासदामुळेच आणखी दोघी आत गेल्या.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपण एकट्याच असल्यामुळे कार्यालय आपल्याला प्रत्येक कार्यक्रमात, छायाचित्रात आणि स्वागतसमितीत पुढे करील, आणि शाखाही नव्या उत्साही सभासदावर कामे टाकील. हे काम बिनपगारी असते आणि वार्षिक मूल्यमापनात ते सहसा मोजले जात नाही. पहिल्या वर्षी एकच जबाबदारी घ्यावी, आणि कार्यालयाच्या वतीने काही करायचे असेल तर त्याचे तास लेखी मंजूर करून घ्यावेत.

आपल्या भागात शाखा नसेल किंवा बंद पडलेली असेल, तर लगेच नोंदणी आणि पदाधिकारी यांच्या मागे लागू नये. सेवा या असंघटित क्षेत्रातील कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेला 1972 मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदणी मिळवताना अडवले गेले होते, कारण या स्त्रियांना मालकच नव्हता. संघटना कोणाच्या विरोधात नसून कामगारांच्या एकजुटीसाठी असते, असे सेवाच्या संस्थापक इला भट्ट यांना पटवून द्यावे लागले. नोंदणीच्या त्या खटपटीला बळ मिळाले ते बायका आधीच एकत्र आलेल्या होत्या म्हणून. पाच-सहा जणींनी महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी भेटावे, प्रत्येकीने एक खरी अडचण आणावी आणि ती एका वहीत तारखेसह लिहावी. सहा महिने ही वही चालली, तर नियमावलीचा मसुदा करायला मी आपल्याला आनंदाने मदत करीन.