आधी बघ, मग चेंडू घे

प्रिय आठ नंबर,

तुझा मेसेज तीनदा वाचला. प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही तू एका दमात कोंबलेत. कोच तुला मधून, मिडफिल्डमधून काढून राइट बॅकला, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावाला खेळवतोय, एक एजंट आईबाबांना भेटून गेला, आणि पुढे जर्मनीकडून खेळायचं की भारताकडून. म्हणजे चेंडू पायाशी आल्यावर तू इकडेतिकडे बघायला लागलायस. मिडफिल्डरने असं केलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. पाठीमागून कुणीतरी येतो आणि चेंडू घेऊन जातो.

तुझ्यात गुण आहेत, मेहनत कर, वगैरे मी लिहिणार नाही. ते तुझं तुला कळतं. मैदानापासून सुरुवात करतो, एजंटाकडे नंतर येऊ.

तुझ्या रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते तूच पाठवलंस: तंत्र चांगलं, अंगाने कमी, पळतो भरपूर. तिसऱ्या शब्दावर तू खूश दिसतोस. होऊ नकोस. २०२० मध्ये युरोपातल्या मोठ्या लीगमधल्या इंग्रजी समालोचनाची तपासणी झाली होती. गोऱ्या खेळाडूंच्या डोक्याचं कौतुक जास्त, सावळ्या-काळ्या खेळाडूंच्या ताकदीचं आणि वेगाचं जास्त, असं त्यात निघालं. मैदानाच्या कडेला उभे असलेले आम्हीही तेच करत आलो. स्थलांतरितांची मुलं आली की आमच्या पिढीचे प्रशिक्षक ‘पळ, पळ’ ओरडायचे. त्यात मीही आलो. किती चांगले डोळे आम्ही नुसते पळवून वाया घालवले, याचा हिशेब मांडला तर झोप लागत नाही. म्हणून आता एकच गोष्ट सांगतो आणि ऐकणारे कंटाळले तरी सांगत राहतो. आधी बघ.

एन्गोलो कांतेचं नाव तू घेशील, म्हणून मीच घेतो. माली देशातून आलेल्या आईबापांचा, पॅरिसमध्ये जन्मलेला मुलगा. अंगाने लहान म्हणून मोठ्या क्लबांनी घेतला नाही. एकोणिसाव्या वर्षापर्यंत सुरेन या उपनगरातल्या साध्या क्लबात होता. २०१० मध्ये बुलोन आणि २०१३ मध्ये कां हे फ्रान्सचे क्लब, २०१५ मध्ये इंग्लंडचं लेस्टर. मग २०१६ ची इंग्लिश लीग जिंकली, चेल्सीकडून २०१७ ची, आणि फ्रान्सकडून २०१८ चा विश्वचषक. सगळे म्हणतात, काय पळतो! त्याचा एखादा सामना फक्त त्याच्याकडे बघत बघ. समोरचा पास द्यायला पाय मागे नेतो, तेव्हाच कांते दोन पावलं सरकलेला असतो. चेंडू कुठे जाणार ते त्याने आधीच बघितलेलं असतं, पाय मागाहून निघतात. लोकांना तेवढे पायच दिसतात.

आता तुझं बघणं. मागच्या व्हिडिओत दुसऱ्या हाफमधले तुझे पहिले बारा चेंडू मी थांबवून थांबवून पाहिले. सातदा तू मागे एकदाही बघितलं नव्हतंस. त्या सातांपैकी पाच पास आल्या वाटेने परत गेले. कोचने तुला मधून का काढलं ते तुला अजून विचारायचंय का?

हा सराव कर. तीन माणसं, एक चेंडू, एक लाल आणि एक पिवळी बिब, म्हणजे सरावात वरून घालतात ती बनियन. पास देणारा तुझ्यासमोर बारा मीटरवर. तिसरा तुझ्या पाठीमागे आठ-दहा मीटरवर, हातात दोन्ही बिब घेऊन. पास देणाऱ्याने चेंडू नीट करायला स्पर्श केला की खांद्यावरून मागे बघ. त्याच वेळी तिसरा एक बिब वर करतो. चेंडू त्याच्या पायातून सुटला की पुन्हा एकदा झटकन बघ, कारण तिसऱ्याने मधल्यामध्ये मुद्दाम रंग बदलायचा असतो. शेवटचे दोन-तीन मीटर मात्र नजर चेंडूवर. पाय लागायच्या आत रंग मोठ्याने म्हणायचा. लाल म्हणजे माणूस पाठीवर आहे, एका स्पर्शात परत दे. पिवळा म्हणजे मोकळं आहे, वळ. दोन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, अशा चार फेऱ्या. अकरा मिनिटांत आटपतं. आठवड्यातून चार दिवस, मुख्य सरावाच्या आधी, पाय ताजे असताना.

वळताना अंग आधीच तिरपं हवं. डावा खांदा पास देणाऱ्याकडे, उजवा समोरच्या संघाच्या गोलकडे. चेंडू डाव्या पायासमोरून जाऊ द्यायचा आणि उजव्याच्या आतल्या बाजूने घ्यायचा. पहिला स्पर्श दीड मीटरच्या आत. दुसऱ्या दिवशी हेच उलट्या बाजूने.

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो. एक, मान वळते पण डोळे काही टिपत नाहीत. कोचला दाखवायला मान हलवणारी मुलं मी ओळखतो. रंग मोठ्याने म्हणायला लावतो तो त्यासाठीच. दोन, एकदाच बघून समाधान. तीन सेकंदांपूर्वीचं चित्र मध्यावर शिळं झालेलं असतं. तीन, दोन्ही पायांचे अंगठे पास देणाऱ्याकडे. मग मागे राक्षस दिसला तरी वळता येत नाही. चार, पास देणारा मित्र प्रेमाने हळू पास देतो. त्याला सांग, जोरात मार. सामन्यात कुणी तुझ्यावर प्रेम करत नाही.

नव्या मुलांना मी पहिली दहा मिनिटं चेंडूच देत नाही. नुसतं चालायला लावतो आणि मध्येच विचारतो, पाठीमागे किती जण, कुठल्या बाजूला? पालक कुंपणाबाहेरून मनगटावरचं घड्याळ दाखवतात. दाखवू देत. गेइर योर्देत नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाने चेंडू येण्याआधीच्या दहा सेकंदांत मिडफिल्डर किती वेळा बघतात ते व्हिडिओवर मोजून काढलं. जास्त बघणाऱ्यांचे पास जास्त पोचतात. म्हणजे हा म्हाताऱ्याचा हेका नाही. हेका असला तरी बरोबर आहे.

राइट बॅक. नाही म्हणू नकोस. जर्मनीचा किमिख दोन्हीकडे खेळला. तुर्कस्तानचा चाल्हानोलू आयुष्यभर दहा नंबर, म्हणजे पुढचा मिडफिल्डर होता, इटलीच्या इंटरमध्ये बचावफळीच्या पुढे येऊन बसला आणि तिथे जास्त मोठा झाला. पण एक फरक समजून घे. राइट बॅकच्या एका बाजूला टचलाइन, म्हणजे मैदानाच्या कडेची रेष असते, तिथून कुणी येत नाही, अर्धं मैदान बघितलं की भागतं. मध्ये चारही बाजूंनी येतात. बॅकला वर्षभर खेळलास तर मानेची सवय मोडते, आणि सवय मोडली की मधली जागा परत मागायला तोंड राहत नाही. म्हणून मिनिटं मिळतात तोवर बॅकला खेळ आणि अकरा मिनिटांचा सराव मधल्या खेळाडूचाच कर. कोचला दोनच प्रश्न विचार, तेही एकटा असताना, सामन्याच्या दिवशी नको: ही जागा किती सामन्यांसाठी आहे? मध्ये परत यायला माझ्यात काय दिसायला हवं? तो गुळमुळीत बोलला तर तेही एक उत्तरच आहे. आई-बाबांना घेऊन जाऊ नकोस.

मोठ्या क्लबचा बिल्ला आणि मैदानावरची मिनिटं या वेगळ्या गोष्टी आहेत. सरप्रीत सिंग न्यूझीलंडमधून बायर्न म्युनिकला आला, २०१९ च्या डिसेंबरात बुंडेसलिगात, जर्मनीच्या पहिल्या लीगमध्ये उतरला. पंजाबी मुलगा, चांगला मिडफिल्डर. त्यानंतर त्याला खेळायला न्यूर्नबर्ग, रेगेन्सबर्ग अशी गावं फिरावी लागली. त्यात कमीपणा काही नाही. मात्र क्लब निवडताना बघ की तुझ्या जागेवर आधीच किती जण आहेत, त्यांची वयं काय, कुणाचा करार कधी संपतोय. हे सगळं इंटरनेटवर मिळतं, एका संध्याकाळचं काम आहे.

आता एजंट. घरी आला, गोड बोलला, बूट देतो म्हणाला. त्याच्याकडे फिफाचं लायसन्स आहे का, ते तुम्ही विचारलं का? २०२३ पासून परीक्षा देऊन ते घ्यावं लागतं आणि नाव फिफाच्या यादीत शोधता येतं. एजंटाशी होणारा करार दोन वर्षांपेक्षा लांब नसतो, आपोआप वाढत नाही, आणि तू अठराच्या आत असल्याने पालकांच्या सहीशिवाय त्याला अर्थ नाही. ‘नंतर बघू, आत्ता नुसती सही करा’ असं कुणी म्हणालं की चहा संपवून त्याला दारापर्यंत सोडायचं.

सहीचं काय होतं ते चाल्हानोलूलाच विचार. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे क्लबात असताना, सतराव्या वर्षी तुर्कस्तानच्या त्राब्झोनस्पोर क्लबबरोबर त्याची सही झाली, पैसे घेतले गेले, आणि मग तो जर्मनीतच राहिला. तो कागद कित्येक वर्षं फिरत राहिला आणि २०१७ मध्ये, तो जर्मनीतल्याच लेव्हरकुसेनचा मुख्य खेळाडू असताना, चार महिन्यांची बंदी घेऊन परत आला. अर्धा मोसम गेला. सतराव्या वर्षीची सही, तेविसाव्या वर्षी वसुली.

क्लबचा करार आला की हे बघ. अठराच्या आत तीन वर्षांपेक्षा लांबचा करार फिफा मानत नाही. चौथं वर्ष ‘पर्याय’ म्हणून घुसवलेलं असतं आणि तो पर्याय एकट्या क्लबच्या हातात असतो, तो शोध. सामन्यागणिक बोनस असेल तर ‘सामना’ म्हणजे काय ते लिहिलेलं हवं: सुरुवातीपासून, बदली म्हणून, की किमान अमुक मिनिटं? दुखापत झाली तर जर्मनीत कायद्याने सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, पुढे विम्याचे पैसे, ते कमी. मधला फरक क्लब किती महिने भरणार ते वाच. घोटा किंवा गुडघा गेला की सहा आठवडे म्हणजे काहीच नसतात. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवस थांबून करार सोडता येतो, हेही माहीत असू दे. आणि शाळा. आबिटुअर, म्हणजे इथली बारावी, सोडायला सांगणारा क्लब तुला वाढवायला घेत नाहीये.

तिसरा प्रश्न, ज्याने तुझी झोप उडालीय. त्यातली गंमत अशी की तुझा पासपोर्ट आज कुठला आहे, हे तू एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नाहीस! अरे, सगळ्यात आधी तेच बघायचं असतं. जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते. भारत घेत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, भारताकडून खेळता येत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेला, भारतीय वंशाचा यान धांडा त्याच भिंतीशी थांबला. २०२५ मध्ये आईकडून भारतीय वंशाच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला, तेव्हा त्याला वाट मिळाली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हमझा चौधरीचं सोपं होतं, बांगलादेश दुहेरी पासपोर्ट चालवतो. डिसेंबर २०२४ मध्ये फिफाची परवानगी आली आणि २५ मार्च २०२५ ला तो शिलाँगमध्ये भारताविरुद्धच उतरला.

दुसरी बाजू रोजगाराची. स्पेन-इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवर मर्यादा असतात. भारतीय पासपोर्ट ठेवलास तर तिथली दारं अरुंद होतात आणि जर्मनीतही व्यावसायिक म्हणून राहायला पगाराची किमान अट लागते. इंग्लंडमध्ये ब्रेग्झिटनंतर युरोपीय पासपोर्टवाल्यांनाही खेळायच्या परवान्यासाठी गुण जमवावे लागतात, तेव्हा तिकडची स्वप्नं अठरापर्यंत बाजूला ठेव.

वयोगटातला एखादा सामना जर्मनीकडून खेळलास म्हणून आयुष्याचं कुलूप लागत नाही. एकविसाच्या आतल्या त्या सामन्यांनंतरही देश बदलता येतो. मैत्रीपूर्ण सामन्याने तर काहीच बांधलं जात नाही, डेक्लन राइस आयर्लंडकडून असे तीन खेळून इंग्लंडकडे गेला. कुलूप लागतं ते सीनियर संघाच्या अधिकृत सामन्याने. २०२० च्या बदलानंतर तिथेही फट आहे: असे जास्तीत जास्त तीन सामने, तेही एकविसाच्या आत, शेवटच्यानंतर तीन वर्षांची वाट, आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व पहिल्या देशाकडून कुठल्याही गटातल्या पहिल्या अधिकृत सामन्याआधीपासून हातात. शेवटची अट दुहेरी पासपोर्टवाल्यांना सोपी आहे. तुझ्याकडे दोन नसणार. तेव्हा ‘मन काय म्हणतं’ हे नंतर विचार, कागद आधी काढ.

नात्यातले लोक दोन्हीकडून बोलतील. फोटोही काढतील. मे २०१८ मध्ये जर्मनीचे तुर्की वंशाचे मिडफिल्डर ओझिल आणि गुंडोआन तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांबरोबर एका फोटोत उभे राहिले. जुलैत ओझिलने जर्मनीचा संघ सोडला. गुंडोआन शिव्या खात थांबला आणि २०२४ च्या युरोत जर्मनीचा कप्तान होता. कोण बरोबर, हा वाद तू माझ्याशी घालू नकोस. दोघेही जर्मनीतल्या गेल्झनकिर्खेनमध्येच जन्मलेले होते. जिंकल्यावर जन्मगाव आणि हरल्यावर आडनाव मोजणारे लोक तुलाही भेटतील. फोटोत उभं राहण्याआधी शेजारी कोण आहे तेवढं बघ.

रविवारच्या सामन्याचा व्हिडिओ पाठव. बॅकला खेळलास तरी पाठव. सोबत कागदावर तीन रकाने: चेंडू येण्याआधीच्या दहा सेकंदांत किती वेळा बघितलंस, अंग उघडं (तिरपं) होतं की बंद (पास देणाऱ्याकडे सरळ), पास कुठे गेला. पहिल्या हाफचे सगळे चेंडू हवेत, जमलेले तेवढे निवडून पाठवलेस तर मला कळेल. खाली पासपोर्टचा रंग आणि कोचची दोन उत्तरं, त्याच्याच शब्दांत. एजंटाला तोवर फोन करायचा नाही.

तुझा,
कडेला उभा राहून ओरडणारा काका